परदेशातून भारतात येऊन दातांना तारा लावायच्या आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा दातांच्या तारांचा दवाखाना आहे. जूनमध्ये आणि नाताळच्या आधी फोनवर वेगळीच गर्दी सुरू होते. शारजा, मस्कत, न्यू जर्सी, लेस्टर. "डॉक्टर, आम्ही तीन आठवडे येतोय, तेवढ्यात मुलीच्या तारा होतील ना?" तिकडच्या डॉक्टरने सांगितलेला आकडा रुपयांत मोजून वडिलांना घाम फुटलेला असतो आणि इकडे आजीने शेजारच्या नातीचे सरळ झालेले दात पाहिलेले असतात. फोनवर दर वेळी जे सांगतो तेच इथे लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं आमच्याच धंद्याच्या मुळावर येतील. पण कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या तारा उतरवून देणं आम्हाला त्याहून नकोसं वाटतं.

तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीत काम उरकतं का?

नाही. सुट्टीत तारा लावून होतात, दात सरळ होत नाहीत. लावायला तास-दीड तास पुरतो. पुढचं काम दीड ते दोन वर्षं चालतं, केस अवघड असेल तर अडीच.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा हलका दाब पडला की दात ज्या बाजूला सरकायचा तिकडचं हाड विरघळत जातं आणि मागे नवं हाड भरतं. हे काम शरीरातल्या पेशी करतात आणि त्यांना कुणाच्या परतीच्या तिकिटाशी देणंघेणं नसतं. दात काढून झालेली जागा बंद करताना महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढाच वेग मिळतो. जास्त ओढलं म्हणून दात लवकर येत नाही. मुळं झिजायची भीती मात्र वाढते.

दातांसाठी परदेशी जाण्याची जी प्रसिद्ध ठिकाणं आहेत, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरचं लॉस अल्गोडोनेस (अमेरिकन लोक त्याला दाढांचं शहर म्हणतात) किंवा हंगेरी, तिथे माणसं मुख्यतः कॅप आणि इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या कृत्रिम दातांसाठी) जातात. दोन-तीन फेऱ्यांत ते काम संपतं. तारांचं तसं नाही. "सहा महिन्यांत तारा" अशी जाहिरात दिसली तर समजा, फक्त पुढचे पटाशीचे दात ओळीत आणणार आहेत. दाढा एकमेकींवर कशा बसतात त्याला हात लावणार नाहीत. क्वचित कुणाला तेवढंच पुरतं, पण तुम्हाला पुरेल का हे जाहिरात वाचून कळत नाही.

मग परदेशात राहणाऱ्यांनी हा विचारच सोडावा का?

सगळ्यांनी नाही. आखाती देशांतून पुण्या-मुंबईला यायला विमानात तीन-साडेतीन तास लागतात, आणि काही घरांचं तसंही दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचं लग्न, कोणाची मुंज म्हणून येणं होतं. त्यांचं जमतं. वर्षभरात कायमचं परत येणार असाल तर जमतं. बारावीनंतर मुलगा पुण्यात शिकायला येणार असेल तर उत्तमच. त्याच्या प्रवेशाची वाट बघा आणि मग सुरू करा.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून वर्षातून एकदा येणाऱ्यांना मी सरळ सांगतो: तिकडेच करा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असताना देशाबाहेर पडलात, तर परत जाण्याआधी वकिलातीची तारीख मिळवणं आलं. दातांच्या तारेपायी ती तारेवरची कसरत कशाला?

बोटीवर काम करणाऱ्यांनाही मी थांबवतो. सहा-सहा महिने समुद्रावर, आणि ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) निघाला तर बघणारं कोणी नाही. गोव्यात जहाजावरच्या माणसाला तारवटी म्हणतात, पण त्याच्या आणि आमच्या तारांचं नातं नावापुरतंच राहिलेलं बरं.

खर्चात खरंच किती फरक पडतो?

फक्त उपचाराचं बघितलं तर मोठा. अमेरिकेत साध्या धातूच्या तारांना साधारण ३ ते ७ हजार डॉलर लागतात. पुण्या-मुंबईत खासगी दवाखान्यात साधारण ३० ते ७० हजार रुपये. शहर, डॉक्टर आणि केसप्रमाणे कमी-जास्त. एक्स-रे, दात काढणं, किडलेले दात भरणं आणि शेवटचे रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे) त्यात धरलेत की वेगळे, हे आधीच विचारून घ्या. कारण "पॅकेज" या शब्दाचा अर्थ दर दवाखान्यात निराळा असतो.

आता तिकिटं मांडा. सुट्टीच्या दिवसांत अमेरिका-भारत जाऊन-येऊन एक तिकीट लाखाच्या पुढे सहज जातं. लेकराबरोबर एक पालक, आणि नेहमीच्या सुट्टीखेरीज वर्षाला दोन जादा फेऱ्या. म्हणजे तारांवर वाचलेले पैसे विमान कंपनीला दिले. तिकडच्या विम्याची कागदपत्रंही नीट वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच दंतविम्यांत तारांसाठी आयुष्यभराची मिळून १ ते २ हजार डॉलरची तरतूद असते, आणि ती आहे हे लोकांना माहीतच नसतं. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलाची गरज त्यांच्या ठरलेल्या मोजपट्टीत बसली, तर एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तारा फुकट लागतात. रांग लांब असते, हे खरं. तरीही पुण्याची तिकिटं काढायच्या आधी त्या रांगेत नाव घालून ठेवा.

पहिल्या खेपेला किती दिवस हाताशी हवेत?

अडीच ते तीन आठवडे. त्याहून कमी असतील तर मी तारा लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पहिल्या दिवशी तपासणी, फोटो, तोंडाचं स्कॅनिंग किंवा मापं, आणि दोन एक्स-रे: सगळे दात एका पट्टीत दाखवणारा ओपीजी आणि चेहऱ्याच्या बाजूने काढलेला सेफॅलोग्राम. त्यावरून आराखडा ठरवायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात. मग दात स्वच्छ करणं आणि किडलेले असतील तर भरणं. किडीवर ब्रॅकेट चिकटवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग देणं. दाढांना कडी बसवायची असेल तर आधी दाढांच्या फटीत छोटी रबरं घालून चार-पाच दिवस जागा करावी लागते. त्यानंतर तारा.

तारा लावल्यावर पहिले चार दिवस दात ठणकतात, गालाला आतून घासतं. ब्रॅकेट निघायचे असतील तर बहुतेक वेळा पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच निघतात, कारण चावायची जुनी सवय सुटलेली नसते. ते दिवस माझ्या शहरात गेलेले बरे. सोमवारी तारा आणि मंगळवारी पहाटेचं विमान, हे करू नका.

दात काढावेच लागतात का?

प्रत्येकाला नाही. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे, किंवा दात फारच पुढे असतील तर बऱ्याचदा सुळ्यांच्या मागच्या उपदाढा काढतो. प्रत्येकीमागे सहा-सात मिलिमीटर जागा मोकळी होते आणि ती हळूहळू बंद होते. निरोगी दात काढायचा म्हटल्यावर आजी रागावते, ते समजू शकतो.

परदेशातून येणाऱ्यांच्या बाबतीत माझा नियम वेगळा आहे: पुढच्या दीड वर्षाच्या भेटी कागदावर ठरल्याशिवाय दात काढायचा नाही. तारा कधीही उतरवता येतात, काढलेला दात परत बसवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढल्या, परत गेले, व्हिसाचं काहीतरी झालं आणि वर्षभर कुणी पाहिलं नाही, अशा तोंडात फटी तशाच राहिलेल्या आणि शेजारचे दात त्यांत कलंडलेले मी पाहिले आहेत.

धातूच्याच तारा का? पांढऱ्या किंवा न दिसणाऱ्या का नाहीत?

प्रवास करणाऱ्यासाठी धातूच्या तारांचा मोठा गुण म्हणजे त्या जगात कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारांच्या तज्ज्ञ दंतवैद्याला, ओळखीच्या आहेत. ज्या चौकोनी खाचेत तार बसते ती पद्धत एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १९२८ मध्ये मांडली. ब्रॅकेट तेव्हापासून बरेच बदलले, पण मूळ कल्पना तीच आहे. सुरुवातीला वापरतात ती निकेल-टायटॅनियमची लवचिक तार अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या मिश्रधातूची. दातांसाठी तिचा वापर १९७०च्या दशकात सुरू झाला. वाकवली तरी ती आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि परतताना दाताला बरोबर घेऊन येते. निकेलची अ‍ॅलर्जी असेल, खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील, तर आधीच सांगा.

सिरॅमिकचे पांढरे ब्रॅकेट दिसायला बरे, पण ठिसूळ. सेल्फ-लायगेटिंग म्हणजे झाकणवाल्या ब्रॅकेटने उपचार लवकर संपतात असं सांगून जास्त पैसे घेतले जातात. अभ्यासांत तसा म्हणण्याजोगा फरक दिसलेला नाही. अलायनर, म्हणजे पारदर्शक साचे, प्रवाशाला खरोखर सोयीचे: एकदम बरेच सेट नेता येतात आणि मधली तपासणी फोटोवर काही अंशी होते. पण सगळ्या केसेस त्यात बसत नाहीत, आणि दिवसाचे वीस-बावीस तास घालायला मुलगा तसा शिस्तीचा हवा. तुमचा आहे का, ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टर कसा निवडायचा?

बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्समधलं (दात सरळ करण्याच्या शाखेतलं) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण केलेला. पाटीवर काय लिहिलंय त्यावर न जाता पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात नोंदणी राज्य दंत परिषदेकडे असते. विचारलं म्हणून राग येणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका.

आता बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट. आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट "व्हिजिटिंग" असतो: महिन्यातून एक-दोन ठरलेले दिवस येतो, बाकी दिवस दुसऱ्या दवाखान्यांत. त्यात वाईट काही नाही, आम्ही सगळ्यांनीच ते केलंय. पण तुम्ही १२ तारखेला परतणार आणि डॉक्टरचा वार १४ला, मग काय? तेव्हा पहिलाच प्रश्न हा विचारा: माझ्या मुलीच्या तोंडात हात घालणारा डॉक्टर या गावात कोणकोणत्या दिवशी असतो?

मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबईचंच नायर दंत महाविद्यालय, नागपूरचं शासकीय महाविद्यालय, गोव्याचं बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात आणि खर्च बराच कमी येतो. काम चोख असतं. मात्र प्रतीक्षा यादी असते, तारीख तुमच्या विमानाप्रमाणे मिळत नाही, आणि विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडला की केस पुढच्याकडे जाते.

दोन भेटींमध्ये किती अंतर चालतं?

नेहमीचा हिशेब चार ते सहा आठवड्यांचा. सुरुवातीच्या महिन्यांत, वेडेवाकडे दात ओळीत येत असताना, लवचिक तार आठ-दहा आठवडे एकटी काम करू शकते. आखातातल्या कुटुंबांना मी ही मुभा देतो. जागा बंद करण्याच्या टप्प्यात तसं चालत नाही. ओढणाऱ्या रबरी साखळीचा बराचसा जोर पहिल्या दिवसांतच उतरतो आणि ती बदलावी लागते. स्प्रिंग जास्त टिकते, पण तिच्यावरही नजर हवी. शेवटचे तीन-चार महिने, जेव्हा वरचे-खालचे दात एकमेकांत बसवायचे असतात, तेव्हा दर महिन्याला दिसलात तर बरं.

भेट चुकली तर दात थांबून राहतात असं नाही. तार आपलं काम करतच असते, हवं तिकडेही आणि नको तिकडेही.

तिकडचा डॉक्टर मधूनच केस हातात घेईल का?

घेईल किंवा नाही. इथून निघण्याआधी तिकडच्या एकाशी बोलून "हो" मिळवा, निघाल्यावर नव्हे. दुसऱ्याने सुरू केलेलं काम घ्यायला बरेच जण कां-कूं करतात, आणि घेतलं तर नव्याने पैसे लावतात. ते चूक नाही. उरलेल्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर येते. दोन्ही फी बेरजेला धरून बघा, कधीकधी तिकडेच सुरू केलेलं स्वस्त पडलं असतं असं निघतं.

जाताना आमच्याकडून या गोष्टी मागून घ्या, हक्काने: सुरुवातीचे फोटो आणि दोन्ही एक्स-रे, स्कॅनची फाइल, लेखी आराखडा, कोणते दात काढले, ब्रॅकेटची पद्धत आणि खाचेचं माप (भारतात बहुधा ०.०२२ इंच), सध्या वर-खाली कोणती तार आहे, रबरं कोणती आणि कशी लावायची, आणि किती पैसे भरले त्याची पावती. खाचेचं माप क्षुल्लक वाटतं. पण ते चुकलं तर नवी तार खाचेत एकतर बसत नाही किंवा सैल डुलते, आणि मग तिकडचा डॉक्टर सगळे ब्रॅकेट बदलायचं म्हणतो.

वैद्यकीय व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर नाही. परदेशी पासपोर्टवर, ओसीआयशिवाय, खास उपचारासाठी येत असाल तर वैद्यकीय व्हिसाचा विचार करावा लागतो. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा आणि तीन प्रवेशांचा असतो, म्हणजे दोन वर्षांच्या तारांना एक पुरणार नाही. अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावरचे चालू नियम वाचा. दवाखान्याचं पत्र लागलं तर आम्ही देतो.

तिकडे असताना तार टोचली किंवा ब्रॅकेट निघाला तर?

आधी फोटो पाठवा, तोंड नीट उघडून, उजेडात. निम्म्या गोष्टी तेवढ्यावर मिटतात. टोचणाऱ्या टोकावर मेणाची गोळी दाबायची. मेणाची डबी सामानात नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. पातळ तारेचं टोक पेन्सिलीच्या खोडरबराने दाताच्या दिशेला वळवता येतं. ब्रॅकेट निघून तारेवर फिरत असेल आणि दुखत नसेल तर तसाच राहू द्या, मात्र पुढच्या भेटीची वाट न बघता तिकडच्या डॉक्टरची वेळ घ्या. एका वडिलांनी गॅरेजमधली पक्कड घेऊन तार स्वतः कापली होती. हिरडीला टाके पडले. पक्कड गॅरेजमध्येच राहू द्या.

खाण्याचं काय? सुट्टीत आलोय, फराळ तर होणारच.

चकली, कडक बुंदीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, उसाचं कांडं, कणीस, सुपारी, बोरं, अख्खा पेरू: बंद. पेरू चिरून, बारीक फोडी करून चालतो. भाकरी आमटीत कुस्करून खा. पिठलं-भात, उपमा, शिरा, मऊ घावन यांनी कुणाचा ब्रॅकेट निघालेला मी अजून पाहिला नाही.

आणि हळद. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या पारदर्शक घेतल्या तर दोन दिवसांच्या आमटी-भाजीने पिवळ्याजर्द होतात. तिकडच्या मुली फोटो बघून पारदर्शक मागतात, आजीकडे आठवडाभर जेवतात आणि रडत परत येतात. करडा रंग घ्या, नाहीतर गडद निळा.

गोड खाल्ल्यावर ब्रॅकेटभोवती ब्रश झालाच पाहिजे. नाही तर तारा उतरल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात, आणि ते पुसून जात नाहीत.

तारा काढल्या की भारताशी संबंध संपला?

तारा निघाल्या तरी काम संपत नाही. सरळ झालेले दात जुन्या जागी जायला बघतात, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. म्हणून रिटेनर: काढ-घालीचा, किंवा दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार, किंवा दोन्ही. काढण्याच्या खेपेला दहा-बारा दिवस ठेवा. रिटेनर बनवून, घालून, टोचत असेल तर घासून घ्यायला तेवढे लागतात. दोन जोड करून घ्या. एक नक्की हरवणार, बहुधा शाळेच्या कँटीनमध्ये, कागदात गुंडाळून ठेवलेला. शेवटच्या स्कॅनची फाइल मेलवर ठेवलीत तर तिकडची लॅब त्यावरून तिसरा करून देईल. रात्री रिटेनर किती वर्षं घालायचा, असं विचारतात. दात जितकी वर्षं सरळ हवेत तितकी.

विमानतळावर तारा वाजतात का? एमआरआय चालतो का?

विमानतळावर सहसा नाही. एमआरआयआधी तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. डोक्याचा किंवा मानेचा असेल तर चित्र बिघडतं आणि तार तात्पुरती काढावी लागू शकते.

आम्ही दहाच दिवसांसाठी आलोय. निदान काय करता येईल?

तपासणी, ओपीजी, सेफॅलोग्राम, किडलेल्या दाढा भरणं आणि लेखी मत. सात वर्षांच्या आसपास पहिली तपासणी करून घ्यावी असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनाही सांगते, तेव्हा धाकट्यालाही आणा. त्याला बहुधा काहीच करायचं नसेल. मोठीची फाइल घेऊन तिकडच्या दोन डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचे आकडे मला कळवा. मग पुण्याची तिकिटं काढायची की नाही ते फोनवर ठरवू.